आधी अडखळायला शिका

वाचा-उपचाराची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली स्पीच थेरपिस्ट. समोर बावीस-तेवीस वर्षांचा तरुण. ती विचारते, ‘‘नाव काय तुमचं?’’ तरुणाचे ओठ घट्ट मिटतात, गळ्याच्या शिरा ताठ होतात, नजर खाली जाते आणि ‘प’ काही केल्या सुटत नाही. चार सेकंद जातात, पाच जातात. केसपेपर तिच्या पुढ्यातच असतो. ती मान डोलावून म्हणते, ‘‘प्रशांत ना? असू दे, असू दे.’’ हेतू चांगलाच. पण शाळेतल्या बाईंपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत प्रत्येकाने त्याच्याशी आजवर हेच केलेले असते. जिथे असे होणार नाही या आशेने तो आला, तिथेही पहिल्या मिनिटात तेच झाले.

हे चित्र प्रातिनिधिक आहे, तोतरे बोलणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल. त्या थेरपिस्टला दोष देण्यात अर्थ नाही. तिला चार वर्षांत कानाची रचना, मेंदूतली वाचाकेंद्रे, उच्चारशास्त्र, श्रवणयंत्रे, आकडेशास्त्र असे बरेच काही शिकवलेले असते. समोरचा माणूस एका अक्षरावर अडकला असताना गप्प, निवांत, त्याच्याकडे पाहत कसे बसायचे, याचा सराव मात्र तिच्याकडून कुणी करून घेतलेला नसतो. तोतरेपणावरच्या उपचारांत आज खरी उणीव आहे ती इथे. तंत्रे पुष्कळ आहेत. ती वापरणाऱ्यांचे प्रशिक्षण अपुरे आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत ‘तोतरा’, ‘बोबडा’, ‘चाचरणारा’ हे सगळे आपण एकाच पिशवीत टाकतो. ‘र’ला ‘ल’ म्हणणारे मूल बोबडे बोलते. तो ध्वनी त्याला अजून जमलेला नसतो. तोतरे बोलणाऱ्याला सगळे ध्वनी येतात. काय बोलायचे तेही त्याला पक्के ठाऊक असते. पण शब्द सुटताना पहिले अक्षर पुन्हा पुन्हा येते, ‘क-क-कर्जत’. किंवा ताणले जाते, ‘स्स्स्सातारा’. किंवा तोंड हलते आणि आवाजच येत नाही. हा तिसरा प्रकार बाहेरून सर्वांत कमी ऐकू येतो आणि आतून सर्वांत जास्त छळतो.

साधारणपणे शंभरातली पाचेक मुले दोन ते पाच वर्षांच्या वयात काही काळ अशी अडखळतात. त्यांतल्या चारांपैकी तिघांचे अडखळणे पुढे आपोआप थांबते. मुलींचे जास्त थांबते, म्हणून मोठेपणी तोतरे बोलणाऱ्यांत पुरुष बायकांच्या जवळपास चौपट दिसतात. प्रौढांमध्ये प्रमाण एक टक्क्याच्या आसपास मानले जाते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. एक टक्का धरला तरी आकडा ११ लाखांवर जातो. एवढे लोक असूनही आपल्याला ते फारसे भेटत नाहीत, कारण त्यांतले बरेच जण आपल्यासमोर बोलतच नाहीत.

कारणांबद्दलही घरोघरी वेगवेगळी शास्त्रे चालतात. मूल भित्रे आहे, बापाचा धाक फार आहे, डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहायला लावले, मामाची नक्कल करत होता म्हणून लागले. यातले शेवटचे तर फारच घट्ट बसलेले आहे. ‘‘तोतऱ्याची नक्कल करू नकोस, तूच तोतरा होशील,’’ हे लहानपणी कुणी ऐकले नाही? उपायही तसेच. जिभेला वेखंड चोळा, तोंडात खडे धरून बोला, जिभेखालचा पडदा कापून घ्या. युरोपही मागे नव्हता. बर्लिनचे नामवंत शल्यविशारद डिफेनबाख यांनी १८४१मध्ये तोतरेपणावर इलाज म्हणून जिभेच्या मुळाशी छेद घेण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि त्याही भुलीचे औषध वापरात येण्याआधीच्या काळात.

आजचे विज्ञान जिभेकडे बोट दाखवत नाही. तोतरेपणा घराण्यांतून चालत येतो. २०१०मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाने, पाकिस्तानातल्या ज्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तोतरेपणा आहे त्यांच्या अभ्यासातून सुरुवात करून, त्याच्याशी निगडित तीन जनुके दाखवली. ती पेशीतला कचरा निकालात काढण्याच्या यंत्रणेशी संबंधित निघाली, हे सगळ्यांनाच अनपेक्षित होते. अर्थात या तीन जनुकांनी थोड्याच लोकांचा उलगडा होतो. मेंदूच्या प्रतिमांमध्ये डाव्या गोलार्धातले बोलण्याशी संबंधित भाग जोडणाऱ्या तंतूंत फरक दिसतात. म्हणजे मूळ गोष्ट आहे ती बोलण्याची वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेची. भीती आणि लाज नंतर येतात. पण एकदा आल्या की त्या मूळ अडखळण्यापेक्षा मोठ्या होऊन बसतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी यासाठी हिमनगाची उपमा दिली: कानाला ऐकू येते ते पाण्यावरचे टोक, बाकीचे सगळे खाली. खाली काय असते? स्वारगेटला कऱ्हाडचे तिकीट मागायचे असते, ‘क’ सुटणार नाही हे आधीच कळते, म्हणून माणूस सांगलीचे तिकीट काढतो आणि कऱ्हाडला उतरतो. हॉटेलात कॉफी हवी असते, चहा मागवतो. वाण्याच्या दुकानात बोट दाखवतो. फोन आला की बायकोकडे देतो. मुलगी बघायला गेल्यावर इतका गप्प बसतो की मंडळी त्याला शिष्ट समजतात. वर्गात उत्तर येत असून हात वर करत नाही. असे शब्द टाळण्यात काही जण इतके तरबेज होतात की शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही पत्ता लागत नाही. ते ‘सफाईदार’ बोलतात. फक्त जे बोलायचे असते ते सोडून दुसरेच काही बोलतात. सगळ्यांत अवघड शब्द बहुधा स्वतःचे नाव. त्याला प्रतिशब्द नसतो.

आता दवाखान्यात काय मोजले जाते ते पाहा. शंभर अक्षरांमागे किती वेळा अडखळला, सर्वांत लांब अडथळा किती सेकंदांचा, डोळे मिचकावणे, मान झटकणे आहे का. या मोजमापाच्या प्रमाणित चाचण्या आहेत आणि त्या उपयोगीही आहेत. पण टाळाटाळीत निष्णात झालेला माणूस या मोजपट्टीवर ‘सौम्य’ ठरतो आणि मोकळेपणाने अडखळत व्याख्यान देणारा शिक्षक ‘तीव्र’. मदतीची जास्त गरज कुणाला आहे? पाण्याखालचा भाग मोजणारी प्रश्नावलीही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या यारस आणि क्वेसल यांनी २००६मध्ये ती प्रसिद्ध केली. बोलण्याबद्दल तुम्हाला काय वाटते, रोजच्या कुठल्या प्रसंगांत अडते, त्यामुळे आयुष्यात काय सोडून द्यावे लागले, असे ती विचारते. मराठीत ती केवळ भाषांतरून भागणार नाही. आपल्याकडचे प्रसंग वेगळे आहेत: वर्गातली हजेरी, बसमधला कंडक्टर, पोह्यांचा कार्यक्रम, शेजारच्या काकूंना दारातून द्यायचा निरोप.

दुसरी गंमत (खरे तर सापळा) अशी की तोतरेपणा जागा बघून वागतो. शाळेत सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना मूल अडखळत नाही. मनाचे श्लोक, आरती, गाणे, सगळे सुरळीत. एकटे असताना, मांजराशी, तान्ह्या बाळाशी बोलताना बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. त्यामुळे शांत खोलीत, गोड बोलणाऱ्या थेरपिस्टसमोर, प्रत्येक स्वर ताणून हळूहळू बोलायला शिकवले की पंधरा दिवसांत अडखळणे शून्यावर येऊ शकते. भिंतींवर रंगवलेल्या ‘तोतरेपणा १५ दिवसांत कायमचा बंद’ या जाहिराती याच जोरावर चालतात. त्या साफ खोट्या असतात असेही नाही. पंधराव्या दिवशीचा व्हिडिओ खरा असतो. सोळाव्या दिवशी साहेबांचा फोन येतो तेव्हा त्या व्हिडिओतला माणूस तिथे नसतो. मग तो ठरवतो की पद्धत बरोबर होती, मीच कमी पडलो. आधी फक्त तोतरा होता, आता उपचार घेऊनही तोतरा आहे. ही दुसरी लाज उपचाराने दिलेली असते, आणि ती देणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो, कारण असा माणूस परत येत नाही.

या विद्येचा इतिहास या बाबतीत मोठा चमत्कारिक आहे. अमेरिकेत तिचा पाया घालण्यात १९२० आणि १९३०च्या दशकांत आयोवा विद्यापीठाचा मोठा वाटा होता, आणि तिथून पुढे आलेल्यांतले काही जण स्वतः तोतरे बोलत. वेंडेल जॉन्सन तोतरे बोलत. डावखुरेपणा दाबल्याने तोतरेपणा येतो असे तेव्हा मानत, म्हणून त्यांनी उजवा हात प्लास्टरमध्ये घालून डावखुरे होण्याचा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. चार्ल्स व्हॅन रायपर तोतरे बोलत. तरुणपणी काही काळ त्यांनी मुकाबहिरा असल्याचे सोंग घेऊन शेतमजुरी केली होती. हिमनगाची उपमा देणारे शीहानही तोतरे बोलत. ज्यांना हे दुखणे आतून माहीत होते त्यांनी ही विद्या उभी केली, आणि आज तिच्यातल्या अनेक पदवीधरांना सर्वांत जास्त धास्ती वाटते ती तोतऱ्या रुग्णाचीच.

असे का झाले? एक धागा जॉन्सन यांच्यापर्यंतच जातो. आईवडील लहान मुलाच्या नेहमीच्या अडखळण्याला ‘तोतरेपणा’ म्हणतात आणि त्या शिक्क्यामुळेच मूल खरोखर तोतरे होते, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो तपासायला १९३९मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्ट इथल्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगण्यात आले की तुमचे बोलणे बिघडले आहे, सांभाळून बोला. मुले तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली, संकोची झाली, वर्गात बोलेनाशी झाली. हा प्रयोग दडून राहिला. २००१मध्ये एका अमेरिकी दैनिकाने तो उजेडात आणला, विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७मध्ये आयोवा राज्याने तेव्हाची मुले आणि त्यांचे वारस यांना ९ लाख २५ हजार डॉलर देऊन दावा मिटवला.

सिद्धान्त पुढे टिकला नाही. पण त्याचा गाळ शिल्लक राहिला. ‘त्याच्यासमोर विषय काढू नका, लक्ष देऊ नका, मोठा झाला की जाईल’ हा सल्ला आजही आपल्याकडे डॉक्टरांकडून, आजीकडून, शिक्षकांकडून सारख्याच खात्रीने मिळतो. चारांपैकी तिघांच्या बाबतीत तो खरा ठरतो, म्हणून टिकून आहे. चौथ्या मुलाला घरात एकच गोष्ट शिकायला मिळते: माझ्यात असे काहीतरी आहे की ज्याबद्दल आईबाबाही बोलत नाहीत.

या चौथ्या मुलाला ओळखणे हे प्रशिक्षित थेरपिस्टचे काम. घरात आणखी कुणी तोतरे आहे का, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली का, वर्ष उलटूनही अडखळणे चालूच आहे का, मुलगा आहे का. यावरून धोका किती याचा अंदाज बांधता येतो. आणि या वयात खरेच काही करता येते. सिडनीत विकसित झालेल्या लिडकोम पद्धतीत आईवडिलांनाच शिकवतात. रोज थोडा वेळ गप्पा मारायच्या, सुरळीत बोलण्याचे सहज कौतुक करायचे, अधूनमधून अडखळण्याचाही न रागावता उल्लेख करायचा, आणि दर आठवड्याला थेरपिस्टला भेटून पुढचे ठरवायचे. २००५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिची चाचणी प्रसिद्ध झाली. ५४ मुले होती. नऊ महिन्यांनी उपचार घेतलेल्यांचे अडखळणे ७७ टक्क्यांनी घटले होते आणि न घेतलेल्यांचे ४३ टक्क्यांनी. दुसरा आकडाही नीट वाचावा. काहीच न करता ४३ टक्के! लहान मुलांवर ‘रामबाण इलाज’ विकणाऱ्यांचे दुकान या आकड्यावर चालते.

म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचे अडखळणे कमी करणे हे रास्त ध्येय आणि तीस वर्षांच्या माणसाला तेच एकमेव ध्येय म्हणून देणे बहुधा अन्याय. हा फरक करता येणे म्हणजे प्रशिक्षण. नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर झालेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिडकोम आणि दुसरी एक जुनी पद्धत यांचे परिणाम दीड वर्षानंतर जवळपास सारखेच आले. माझा यातून अर्थ असा की विद्यार्थ्यांना अमुक पद्धतीचा झेंडा हातात देण्यापेक्षा कुठलीही एक पद्धत मुरेपर्यंत, देखरेखीखाली वापरू देणे जास्त मोलाचे.

तेच होत नाही. अमेरिकेत १९९३मध्ये व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी तोतरेपणाच्या रुग्णांबरोबर ठरावीक तास काम करण्याची अट काढून टाकली गेली. परिणाम काय झाला हे यारस आणि क्वेसल यांच्याच २००२च्या पाहणीत दिसले. जवळजवळ एक चतुर्थांश अभ्यासक्रमांतून या विषयाचा स्वतंत्र पेपर न शिकताही पदवी मिळत होती, आणि सुमारे दोन तृतीयांश अभ्यासक्रमांतून तोतऱ्या रुग्णाबरोबर प्रत्यक्ष काम न करताही. न शिकलेले शिकवायला जातात, त्यांना आत्मविश्वास नसतो, ते असे रुग्ण टाळतात, म्हणून पुढच्या विद्यार्थ्यांना दाखवायला रुग्ण उरत नाहीत. चाक फिरत राहते.

भारतात कागदावर स्थिती याहून बरी आहे. मैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था आणि मुंबईतल्या नायर रुग्णालयाचे महाविद्यालय यांनी १९६०च्या दशकात या शिक्षणाची सुरुवात केली. १९८३मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था आली. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालणारा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, आणि बोलण्याच्या ओघाच्या विकारांवर स्वतंत्र विषय आहे. अडचण पेपरात नाही, ओपीडीत आहे. तिथे गर्दी असते कमी ऐकू येणाऱ्या मुलांची, उशिरा बोलणाऱ्यांची, स्वमग्न मुलांची, पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांची. त्यात महिन्यातून एखादा तोतरा तरुण येतो. त्याचा नमुना रेकॉर्ड होतो, अक्षरे मोजली जातात, ताणून बोलण्याचा व्यायाम दिला जातो. सहा आठवड्यांनी विद्यार्थिनीची पाळी बदलते आणि तरुण दुसरीकडे सुपूर्द होतो. तो पुन्हा नाव सांगतो, पुन्हा नमुना देतो. चौथ्यांदा तो येत नाही. विद्यार्थिनीने पाहिलेला असतो तो फक्त पहिला अंक, ज्यात ताणून बोलणे नेहमीच यशस्वी होते. तोतरेपणा कसा परत येतो आणि परत आल्यावर माणसाला कसे सावरायचे, हे तिच्यापुढे कधी घडतच नाही.

यावर माझी पहिली मागणी विचित्र वाटेल. प्रत्येक विद्यार्थ्याने चारचौघांत मुद्दाम तोतरे बोलावे. वर्गात एकमेकींसमोर हसत-खिदळत नको. दादरच्या तिकीट खिडकीवर, औषधाच्या दुकानात, गॅस एजन्सीला फोन करून. मागे रांग असताना ‘ब-ब-ब-बदलापूर’ म्हणावे, खरोखर अडकल्यासारखे चार सेकंद थांबावे, आणि खिडकीपलीकडच्या माणसाकडे बघत राहावे. ही कल्पना नवी नाही. मुद्दाम तोतरे बोलण्याचा सराव व्हॅन रायपर यांच्या परंपरेत रुग्णांना आणि विद्यार्थ्यांनाही देतात, आणि परदेशी काही अभ्यासक्रमांत तो आजही आहे. पुस्तकातल्या दहा पानांनी जे होत नाही ते त्या चार सेकंदांत होते. कान तापतात, घसा कोरडा पडतो, रांगेतले कुणी ‘च्च’ करते, आणि दुसऱ्या दुकानापाशी पोचल्यावर पाय आपोआप मागे सरतात. टाळणे म्हणजे काय हे तेव्हा कळते. जी स्वतः एकदाही हे करू शकत नाही, तिने प्रशांतला ‘‘न घाबरता साहेबांना फोन करा’’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

यावर आक्षेप येईल की ही नक्कल झाली, अपमान झाला. नक्कल आपल्याला चांगली माहीत आहे. १९९३च्या ‘डर’नंतर नायिकेचे नाव अडखळत घेण्याची ती लकब वर्षानुवर्षे गॅदरिंगांत टाळ्या घेत होती, आणि त्या सभागृहांत कुठे तरी मागच्या रांगेत एखादे तोतरे मूल बसलेले असणार. फरक हेतूचा आहे आणि सोबतीचाही. हा सराव तोतरे बोलणाऱ्या व्यक्तीच्या सोबतीने, तिच्या सूचनांप्रमाणे व्हावा, आणि नंतर तिच्यासमोर बसून त्यावर बोलले जावे. दुसरा आक्षेप कुणी उघड बोलणार नाही, पण विद्यार्थ्यांच्या घरून येईल: नक्कल करून आमची मुलगीच तोतरी झाली तर? होत नाही. आणि ही भीती थेरपिस्टच्या घरात शिल्लक असेल तर ती आधी तिथून गेलेली बरी.

दुसरी मागणी शिक्षकांबद्दल. तोतरे बोलणारी माणसे वर्गात ‘केस’ म्हणून येतात; त्यांनी मानधन घेऊन शिकवायला यावे. २००८पासून ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही संघटना आपल्याकडे स्व-मदत गट चालवते आहे. लोक जमतात, अडखळत बोलतात, कुणी कुणाचे वाक्य पुरे करत नाही. अशा बैठकीत तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीने सहा महिने नुसते बसावे, ‘टिप्स’ न देता. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलला की बोलणाऱ्याचा घसा कसा सैल होतो हे तिथे दिसते. आणि जे विद्यार्थी स्वतः तोतरे बोलतात त्यांना या अभ्यासक्रमाला ‘तुला कसं जमेल?’ म्हणून कुणी परावृत्त करू नये. या विद्येचे संस्थापक मुलाखतीतच बाद झाले असते.

तिसरी: किमान एक रुग्ण वर्षभर एकाच विद्यार्थिनीकडे राहावा, आणि त्यातल्या निम्म्या भेटी खोलीबाहेर व्हाव्यात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यासाठी व्हिडिओ कॉल आहेच. लिडकोम उपचार वेबकॅमवरून दिला तरी दवाखान्यातल्याइतकाच परिणाम साधतो, असे ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसले आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र खुद्द रुग्णांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘‘मला स्वीकार-बिकार नको, मला नीट बोलायचंय. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे.’’ हे म्हणणाऱ्याला ‘तुझे तोतरेपण सुंदर आहे’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. पाश्चात्त्य देशांत हल्ली असाही एक विचार जोर धरतो आहे की अडखळणे कमी करण्याचा प्रयत्नच करू नये. मला तो पटत नाही. इथल्या मुलाखतीच्या खोलीत पॅनेलवरचे साहेब घड्याळाकडे बघतात, आणि तो तरुण त्या खोलीत एकटा असतो. त्याला आवाज हळुवार सुरू करण्याचे, अडथळ्यात सापडल्यावर जोर न लावता सैल होण्याचे तंत्र जरूर शिकवावे. व्हॅन रायपर यांनीही तेच शिकवले: तोतरे बोला, पण सुलभ तोतरे बोला. फक्त त्याच थेरपिस्टला पॅनेलसाठी पत्र लिहिता यायला हवे, की उमेदवार तोतरे बोलतो, त्याला थोडा जास्त वेळ द्यावा, वाक्य पुरे करू नये. दहावीच्या भाषेच्या तोंडी परीक्षेसाठी शाळेला असेच पत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व हा प्रकार आहे. पण त्याच्या व्याख्येत उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढलेल्यांची आणि मेंदूविकाराने वाचा गेलेल्यांची. तोतरेपणाचा उल्लेख नाही. म्हणून आज तरी अशा मुलाची वकिली करायची तर ती थेरपिस्टनेच करायची, आणि ती करणे हा आपल्या कामाचा भाग आहे असे तिला कॉलेजात कुणी तरी सांगायला हवे.

अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतील. मूल आज अडखळते आहे, अशा पालकांनी थेरपिस्ट निवडताना पदवी आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी बघावी, आणि मग तीन-चार गोष्टी सरळ विचाराव्यात. तोतरे बोलणाऱ्या किती जणांबरोबर वर्षाहून जास्त काळ काम केले आहे? अडखळणे परत आले तर काय करता? शाळेतल्या बाईंशी बोलाल का? किती दिवसांत बरा होईल या प्रश्नाला कुणी तारीख सांगितली, तर पैसे भरू नयेत. आणि पहिल्या भेटीत नीट लक्ष ठेवावे. मूल पाच वर्षांचे असो की पंधरा, थेरपिस्ट त्याच्याशी किती बोलली आणि त्याच्या देखत तुमच्याशी किती, तो अडकला तेव्हा तिने पेन उचलले की तशीच बसून राहिली, हे घड्याळ न लावताही कळते.